रात्रभर विस्तव राखायचा असेल, तर जळण कोणते?

वाचकांचे प्रश्न

पावसाच्या तोंडावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची निघाली : रात्री घरात विस्तव जिवंत ठेवायचा असेल, तर त्यासाठी कोणते जळण वापरावे. घरे तिन्ही वेगळी आहेत आणि गरजाही वेगळ्या आहेत, म्हणून प्रत्येक पत्राला स्वतंत्र उत्तर दिले आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचे घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात आहे. स्वयंपाक गॅसवर होतो, पण आंघोळीचे पाणी अजून न्हाणीतल्या चुलीवर बसवलेल्या मोठ्या भांड्यात, म्हणजे भाणातच तापते. पावसाळ्यात पहाटे लाकडे लवकर पेटत नाहीत आणि सासूबाईंना साडेपाचला गरम पाणी लागते, म्हणून चूल रात्रभर धुमसत ठेवावी असा विचार आहे. आमच्याकडे काजूचे आणि अकेशियाचे लाकूड, करवंट्या आणि नारळाची सोडणे भरपूर आहेत, आणि जवळच्या कारखान्यातून काजूबियांच्या साली स्वस्तात मिळतात. यांपैकी रात्री चुलीत काय घालावे? न्हाणी अलीकडेच नव्याने बांधली असून ती आता स्लॅबखाली, निजायच्या खोलीला लागून आहे. — एक वाचिका, वाळपई

उत्तर : आपण जळणाविषयी विचारले आहे, परंतु उत्तराची सुरुवात न्हाणीपासून करणे भाग आहे. आपल्या पत्रातली सर्वांत काळजीची गोष्ट शेवटच्या वाक्यात आली आहे.

लाकूड भरपूर हवेत ज्वालेने जळते, तेव्हा त्यातल्या बहुतेक कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी पडली आणि ज्वाला जाऊन नुसते धुमसणे उरले, की त्याच कार्बनचा बराच वाटा कार्बन मोनॉक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने धरून ठेवते, त्यामुळे झोपलेल्या माणसाची शुद्ध जाग येण्याआधीच हरपू शकते. चूल रात्रभर टिकवायची म्हणजे तिची हवा तोडावी लागते. म्हणून जे जळण रात्रभर टिकते या गुणासाठी आपण निवडू, तेच हा वायूही रात्रभर सोडत राहील. किंदळाचे लाकूड असो, सुरूच्या झाडाचे असो की शेणी असोत, यातून कोणतेही जळण सुटत नाही.

घरातली वडीलधारी माणसे म्हणतील की पूर्वी रोज रात्री राखेखाली विस्तव पुरून ठेवत आणि त्याने कोणाला काही होत नसे. हे बहुतांशी खरे आहे. पण त्या घरांवर मंगळुरी कौले होती, कौलांच्या फटींतून आणि भिंत व वासे यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून हवा अखंड खेळत असे, आणि न्हाणी बहुधा मागच्या बाजूला, निजायच्या खोल्यांपासून दूर असे. स्लॅब, सरकत्या काचांच्या खिडक्या आणि पावसाची झड आत येऊ नये म्हणून बुजवलेले झरोके आले, आणि तीच जुनी सवय धोक्याची झाली. जळण तेच आहे. घर बदलले आहे. म्हणून न्हाणी आज जशी आहे तशीच राहणार असेल, तर तिच्यात रात्री कोणतेही जळण धुमसत ठेवू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. दार लावून घेतले तरी दाराखालच्या फटीतून वायू निजायच्या खोलीत येतो.

यावर चांगला आणि फारसा खर्चिक नसलेला उपाय म्हणजे गवंड्याकडून चुलीचे तोंड बाहेरच्या भिंतीत काढून घेणे. भाण आत राहते, जाळ बाहेरच्या पडवीतून घालता येतो, आणि धूर व वायू दोन्ही घराबाहेर राहतात. अशी रचना आपल्याकडे अनेक जुन्या घरांत आढळते. भाण भिंतीत बसवताना त्याच्याभोवतीची खाच मातीने नीट लिंपून घ्यावी, नाहीतर धूर तिथून आत येतो. चुलीचे तोंड खिडकीखाली काढू नये, आणि तोंडावर पत्र्याची पडवी असल्यास तिची निदान एक बाजू पूर्ण उघडी ठेवावी.

ही व्यवस्था झाली असे धरून आता आपल्या यादीकडे येतो. लाकडांच्या जातींमध्ये उष्णतेचा फार मोठा फरक असतो अशी समजूत आहे, पण वजनावर पाहिले तर तसे नाही. पूर्ण कोरडे लाकूड, मग ते कोणत्याही झाडाचे असो, किलोमागे साधारण साडेचार हजार किलोकॅलरी देते. फरक पडतो तो लाकडाच्या जडपणामुळे आणि ओलाव्यामुळे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते, आणि त्यातल्या प्रत्येक लिटर पाण्याची वाफ होण्यात ५४० किलोकॅलरी खर्ची पडतात. ती उष्णता भाणाला मिळतच नाही, आणि थंडावलेल्या जाळातून धूर व डांबरासारखी काजळी मात्र वाढते. तेव्हा ओल्या सुरूपेक्षा वाळलेले काजूचे लाकूड बरे.

रात्रीसाठी आपल्या यादीतले योग्य लाकूड अकेशियाचे आहे. उजाड माळांवर आणि खाणींच्या ढिगाऱ्यांवर लावलेला हा ऑस्ट्रेलियन अकेशिया जड आहे, वाळल्यावर बेताच्या धुराने जळतो आणि त्याचा निखारा टिकतो. किंदळ किंवा सुरू मिळाल्यास तीही याच तोलाची. काजूचे लाकूड तुलनेने हलके असल्यामुळे लवकर जळून जाते. ते संध्याकाळी पाणी तापवण्यासाठी वापरावे आणि अकेशियाचे गाठीचे, बुंध्याकडचे तुकडे रात्रीसाठी राखून ठेवावेत. करवंटी रात्री मुळीच नको. ती भडकून जळते आणि तिची ज्वाला उंच जाते, म्हणून तिच्याजवळ माणूस जागा असायला हवा. पण पहाटे निखाऱ्यांवर दोन करवंट्या मोडून घातल्या, तर ओलसर लाकूडसुद्धा पेटते.

सोडणांचा स्वभाव वेगळा आहे. काथ्या हवा फारशी न मिळताही आतल्या आत तासन्‌तास पेटता राहतो, म्हणूनच पानाच्या गादीवर बिडी पेटवण्यासाठी सुंभाची दोरी टांगून ठेवत असत. रात्रभर विस्तव टिकवण्याच्या दृष्टीने सोडणाएवढे सोपे जळण नाही, पण त्याचा धूरही तितकाच चिवट असतो. चुलीचे तोंड बाहेर असेल तरच ते वापरावे. आणखी एक सावधगिरी हवी. वरून काळे पडलेले सोडण विझले असे वाटते, पण आत ते धगधगत असते, आणि असे अर्धवट जळालेले सोडण सकाळी पुन्हा ढिगावर टाकले तर दुपारपर्यंत ढीग पेटू शकतो.

काजूबियांच्या साली घेऊच नका, त्या फुकट मिळाल्या तरी. त्या जोरात जळतात हे खरे आहे, पण ते जळणे सालीतल्या तेलाचे असते, आणि बी सोलणाऱ्यांच्या हातांची कातडी सोलवटते ती याच तेलामुळे. त्याचा धूर डोळ्यांना, घशाला आणि छातीला झोंबतो, आणि तेलाची वाफ धुराड्यात व भाणाच्या बुडाला चिकट थर धरते. उंच धुराडे असलेल्या कारखान्याच्या भट्टीत ते कदाचित चालेल. घरच्या न्हाणीत चालणार नाही. याच पंक्तीत प्लायवूड, रंग दिलेल्या जुन्या खिडक्या आणि होड्यांच्या फळ्या, समुद्रावर वाहून आलेले खारट लाकूड, आणि पावसाळ्यात जाळ चटकन धरावा म्हणून सर्रास घातले जाणारे सायकलच्या ट्यूबचे तुकडे व प्लॅस्टिकच्या पिशव्या येतात. खाडीकाठच्या वाचकांनी खारफुटीतल्या गेवा या झाडाचे लाकूड टाळावे. त्याचा चीक डोळ्यांना घातक असतो आणि धूरही डोळ्यांना त्रास देतो.

आता मुळात रात्रभर जाळ लागतो का, हेही पाहू. चाळीस लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापवायला १,६०० किलोकॅलरी लागतात. साध्या उघड्या चुलीतल्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा पाण्यात जातो असे धरले, तर चार ते साडेचार किलो वाळलेले लाकूड त्यासाठी पुरते. एवढे लाकूड रात्री नऊच्या सुमारास जाळून पाणी कढत करावे, भाणावर घट्ट बसणारे लाकडी झाकण ठेवावे आणि झाकणावर जाड गोणपाट घालावे. खालच्या गरम राखेमुळे पाणी पहाटेपर्यंत कोमट राहते आणि मग ते पुन्हा तापवायला थोडेच जळण लागते. आपली खरी अडचण पहाटे पेटवण्याची आहे, आणि तिच्यासाठी चार निखारे जिवंत राहिले तरी पुरे.

ते निखारे राखण्याची रीत अशी. निजण्याच्या तासभर आधी नवे लाकूड घालणे थांबवावे. ज्वाला पूर्ण बसली आणि लाकडाचा लाल निखारा झाला, की सर्व निखारे चिमट्याने मागच्या भिंतीशी एकत्र ओढावेत, त्यांच्यात अकेशियाचा मुठीएवढा, सर्व बाजूंनी पेटलेला एक गाठीचा तुकडा बसवावा आणि वर दोन-तीन बोटे जाडीची कोरडी, चाळलेली राख पसरावी. ओली राख घातली तर निखारा मरतो, आणि न पेटलेले लाकूड राखेत पुरले तर ते रात्रभर धुराचे लोट सोडते. त्यानंतर चुलीपुढची तीन-चार फूट जमीन झाडून काढावी. पावसाळ्यात चुलीवर दोरी बांधून कपडे वाळत घालण्याची आणि लाकडे सुकावीत म्हणून ती चुलीला टेकवून ठेवण्याची पद्धत घरोघर आहे. दिवसा माणूस समोर असताना तिला माझी हरकत नाही, पण निजायला जाताना दोरी रिकामी असावी आणि लाकडे हलवलेली असावीत. भाणात पाणी भरलेले असावे, कोरडे भाण विस्तवावर ठेवू नये.

लाकडे मिरगापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, फोडून खोपीत रचून झाली पाहिजेत, हे सत्तरीतल्या घराला सांगायला नको. फक्त एवढे सुचवतो की अख्खे ओंडके न रचता ते आधी चिरून घ्यावेत, कारण पाणी सालीतून फार सावकाश निघते आणि चिरलेल्या बाजूने लवकर निघते. खालचा थर जमिनीपासून वीतभर उंच, दगडांवर असावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत छपराखालचे कोरडे लाकूडही वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतका ओलावा पुन्हा धरते. म्हणून दुसऱ्या दिवशीची लाकडे आदल्या दिवशी चुलीजवळ आणून सुकवणे योग्यच, वर सांगितलेली मर्यादा पाळून.

प्रश्न : माझी पत्नी बाळंत होऊन पंधरा दिवस झाले आहेत. पाऊस असल्यामुळे आई रात्री बाळंतिणीच्या खोलीत लाकडी कोळशाची शेगडी ठेवते. धूर होत नसल्याने बाळाला त्रास होणार नाही, असे तिचे म्हणणे आहे. खोलीची खिडकी बंद असते, पण शेगडीजवळ पाण्याचे भांडे ठेवलेले असते. हे बरोबर आहे का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. हे उत्तर छापून आपल्या हाती पडेपर्यंत थांबावे लागू नये म्हणून आपल्याला आधीच दूरध्वनीवरून कळवले आहे, आणि इतर घरांसाठी ते येथे देत आहे.

लाकडी कोळशाला धूर नसतो, कारण धूर होणारे सर्व पदार्थ कोळसा पाडतानाच निघून गेलेले असतात. उरतो तो जवळजवळ निव्वळ कार्बन, आणि तो राख धरून सावकाश जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतो. धुराचा खोकला तरी माणसाला उठवतो. हा वायू कोणाला उठवत नाही. पाण्याचे भांडे, ओले फडके, तुळशीची कुंडी यांपैकी कशानेही तो शोषला जात नाही, कारण तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तान्हे बाळ मोठ्या माणसापेक्षा भराभर श्वास घेते आणि आपले डोके दुखते आहे हे सांगू शकत नाही.

आईंची काळजी खरी आहे आणि तिचा मान राखूनच मार्ग काढता येईल. शेकशेगडी दिवसा, दार-खिडकी उघडी ठेवून, माणूस जवळ बसलेले असताना करावी, आणि शेक झाल्यावर शेगडी घराबाहेर न्यावी. तिच्यावर राख घालून ती कोपऱ्यात सरकवणे पुरेसे नाही. रात्री उबेसाठी सुती कपड्यांचे दोन थर, बाळाचे टोपरे, आणि आईच्या अंगाशी बाळ, एवढे गोव्याच्या पावसाळी रात्रीला पुरते. ओलसर कपडे वाळवायचे असतील तर ते इस्त्रीने वाळवावेत.

डोके जड होणे, मळमळ, चक्कर, अंगातले त्राण गेल्यासारखे वाटणे ही या वायूची लक्षणे आहेत, आणि एकाच खोलीतल्या दोघांना ती एकदमच जाणवू लागली तर दुसरा संशय घेऊ नये. आधी माणसांना उघड्यावर आणावे, मग १०८ ला फोन करावा, आणि रुग्णालयात गेल्यावर खोलीत शेगडी होती हे आवर्जून सांगावे. करोनाच्या काळात घरोघर आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर येथे फसवतो : कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेल्यासारखेच दिसते, म्हणून आकडा ९८ आला तरी निर्धास्त होऊ नये.

प्रश्न : माझा मुलगा सहकुटुंब इंग्लंडमध्ये स्विंडन येथे भाड्याच्या घरात राहतो. घरात लोखंडी स्टोव्ह आहे. हिवाळ्यात वीज-गॅसचे बिल परवडत नाही म्हणून तो रात्री त्यात लाकडे भरून हवेची झडप बंद करून झोपतो. सकाळी स्टोव्हच्या दाराची काच काळी झालेली असते. रात्रभर टिकणारे सुरक्षित जळण कोणते? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : स्विंडनला गोव्यातली अनेक कुटुंबे आहेत, म्हणून हा प्रश्न एका घरापुरता नाही.

काळी झालेली काच हीच तक्रार सांगते आहे. झडप बंद केल्यावर लाकूड जळत नाही, धुमसते. त्यातले डांबर काचेवर दिसते तितके, किंबहुना त्याहून जास्त, धुराड्यात बसते, आणि पुढे एखाद्या दिवशी मोठा जाळ केल्यावर ते धुराड्यातच पेट घेऊ शकते. तेव्हा लाकूड हे त्या स्टोव्हसाठी संध्याकाळचे जळण आहे. ते झडप उघडी ठेवून, ज्वालेने जाळावे आणि निजण्यापूर्वी विझत येऊ द्यावे.

रात्रभर टिकवायचेच असेल, तर आधी स्टोव्ह कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. लाकूड राखेच्या थरावर बसून वरून येणाऱ्या हवेवर चांगले जळते. दगडी कोळशाला मात्र हवा खालून, जाळीतून मिळावी लागते. आत जाळी आणि तिच्याखाली राखेचा कप्पा असेल, तर स्टोव्ह बहुधा दोन्ही जळणांसाठी बनवलेला असतो. सपाट तळाचा, केवळ लाकडाचा स्टोव्ह असेल, तर त्यात कोळसा घालू नये आणि रात्रीचा विचार सोडून द्यावा. खात्रीसाठी घरमालकाकडून स्टोव्हची पुस्तिका मागून घ्यावी.

दोन्ही जळणांच्या स्टोव्हसाठी रात्रीचे योग्य जळण म्हणजे अँथ्रासाइट हा कठीण दगडी कोळसा, किंवा धूररहित म्हणून प्रमाणित केलेल्या कोळशाच्या वड्या. अँथ्रासाइटमध्ये कार्बनाचे प्रमाण फार जास्त आणि उडून जाणारे पदार्थ फार कमी असल्यामुळे तो पेटायला जड, पण एकदा पेटला की थोड्या हवेवर कित्येक तास एकसारखा जळतो. कार्बन मोनॉक्साइड त्यातूनही निघतो. तो घरात न येता धुराड्यातून जातो एवढाच फरक असतो, म्हणून धुराडे मोकळे असणे ही पहिली अट आहे, आणि झडप पूर्ण बंद न करता पुस्तिकेत सांगितलेल्या किमान खुणेवर ठेवणे ही दुसरी. कोळशावर ओले लाकूड टाकू नये. कोळशातले गंधक आणि लाकडातले पाणी मिळून आम्ल तयार होते व ते धुराड्याच्या आतली धातूची नळी खाऊन टाकते.

तेथील कायदाही याच दिशेने गेला आहे. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून दोन घनमीटरहून कमी प्रमाणात विकले जाणारे जळाऊ लाकूड २० टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्याचे असावे लागते, आणि धुराचा साधा घरगुती कोळसा मे २०२३ पासून पूर्णपणे विक्रीतून गेला आहे. मुलाने पिशवीवर ‘रेडी टू बर्न’ ही खूण पाहूनच जळण घ्यावे, आणि राहत्या पत्त्यावर धूरनियंत्रण क्षेत्राचे नियम लागू आहेत का, हे तेथील स्थानिक परिषदेच्या संकेतस्थळावर पाहावे. अशा क्षेत्रात मान्यताप्राप्त जळण, किंवा त्यासाठी सूट मिळालेला स्टोव्हच वापरता येतो.

धुराडे वर्षातून किमान एकदा आणि लाकूड जास्त जाळत असल्यास हंगामात दोनदा तरी झाडून घ्यावे. राख थंड वाटली तरी तिच्यात निखारे एक-दोन दिवस जिवंत राहू शकतात. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर, दगडी फरशीवर ठेवावी, प्लॅस्टिकच्या कचरापेटीत टाकू नये.

स्टोव्ह असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा गजर बसवून देणे हे इंग्लंडमध्ये घरमालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. धुराचा गजर या कामाचा नाही. तो वेगळा असतो. मुलाने कार्बन मोनॉक्साइडचा गजर स्टोव्हपासून आडव्या अंतराने एक ते तीन मीटरवर आहे का आणि त्याच्यावर छापलेली मुदत संपली नाही ना, हे आजच पाहावे, आणि बटण दाबून तो दर महिन्याला तपासावा. रात्री तो वाजला, तर बंद करून पुन्हा झोपू नये. दारे-खिडक्या उघडत सर्वांनी बाहेर पडावे, कोणाला चक्कर किंवा मळमळ जाणवत असल्यास ९९९ ला फोन करावा, आणि धुराडे तपासून होईपर्यंत स्टोव्ह पुन्हा पेटवू नये.